सांगलीत नवं यंत्र घडवायचं तर कुठल्या दारात कधी जायचं

वालचंद कॉलेजातले प्राध्यापक, मार्केट यार्डातला अडत्या, कुपवाडचा फॅब्रिकेटर आणि कवठे महांकाळकडचा बेदाणा शेडवाला हे चौघं एकमेकांपासून तास-दीड तासाच्या अंतरावर आहेत. चौघांकडे मिळून एक चांगलं यंत्र घडवण्याइतकं ज्ञान आहे. तरी ते यंत्र आपोआप घडत नाही, कारण अडत्याला काय दिसतं ते प्राध्यापकांपर्यंत जात नाही आणि प्राध्यापकांना काय मोजता येतं ते शेडवाल्याला माहीत नसतं. हे निरोप इकडून तिकडे नेण्याचं काम ज्याच्या डोक्यात कल्पना आहे त्यालाच करावं लागतं. ते कुठल्या क्रमाने करायचं आणि कुठे घसरतं, ते इथे सांगितलं आहे. उदाहरण एकच घेतलंय: बेदाणा शेडमधली आर्द्रता ओळखून पंखा चालू-बंद करणारं यंत्र. हळदीचं पॉलिश, उसाची लागण, दवाखान्यातलं साधन, कशालाही क्रम जवळपास हाच लागतो.

आधी दोन जुनी उदाहरणं, कारण या मुलखात हे पूर्वी झालेलं आहे.

लक्ष्मणराव किर्लोस्कर बेळगावहून आले आणि 1910 साली कुंडल रोड स्टेशनजवळ त्यांचा लोखंडी नांगरांचा कारखाना उभा राहिला. जमीन औंध संस्थानच्या राजांनी दिली. कोळसा आणि कच्चं लोखंड आणायला रेल्वे दारात होती. नांगर ज्याला विकायचा तो शेतकरी चारही बाजूंना होता. लोखंडाने जमीन नासते ही त्या काळची समजूत खोडायची तर नांगर शेतात चालवूनच दाखवावा लागे, आणि शेत कारखान्याच्या कुंपणाला लागून होतं. राजाश्रय, रेल्वे आणि गिऱ्हाईक यांतलं एक जरी कमी असतं तरी किर्लोस्करवाडी झाली नसती.

मिरजेच्या सतारीचंही तसंच. हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगारांचं काम इंग्रजी अमलात आटलं. त्यांच्या हातातलं कसब मिरजेच्या पटवर्धनांच्या आश्रयाने वाद्यांकडे वळलं. भोपळे पंढरपूर-मंगळवेढा भागातून येत. पुढे गायक अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेत राहिले आणि ऐकणारा कान गावातच मिळाला. तानपुऱ्याची जवारी लावताना कारागीर घोडीचा माथा केसभर घासतो, तारेखाली सूत सरकवतो, तार छेडतो, पुन्हा घासतो. गवय्या समोर बसलेला असेल तर ‘अजून बोलत नाही’ हे त्याला त्याच क्षणी कळतं. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला 2024 साली भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचं मूळ या समोरासमोरच्या बैठकीत आहे. तुमच्या यंत्रालाही अशी बैठक हवी. पुढचा सगळा खटाटोप त्यासाठीच आहे.

पहिलं दार: सौदा

बहुतेक जण कल्पना घेऊन आधी इंजिनिअरकडे जातात. ते उलटं आहे. आधी बेदाण्याच्या सौद्याला जा, सांगलीला किंवा तासगावला. किमान चार सौदे नुसते बघा. वहीत प्रत्येक मालाचे पाच रकाने करा: रंग, मण्याचा आकार, हाताला लागणारा ओलावा, काडी-कचरा आणि लागलेला दर. सौदा संपला की अडत्याला एकच प्रश्न विचारा: ‘हा माल खाली का गेला?’ नवं काय हवं हे त्याला विचारू नका, ते सांगणं त्याचं काम नाही. माल का पडला हे मात्र तो नेमकं सांगतो.

त्यातून एक आकडा काढायचा. समजा, शेडमध्ये 10 टन बेदाणा होतो, त्यातला 15 टक्के म्हणजे दीड टन दमट हवेमुळे काळपट पडतो, आणि हिरव्या-काळपट मालात किलोला 40 रुपयांचा फरक आहे. नुकसान झालं 60,000 रुपये. हे तुमच्या यंत्राच्या किमतीचं छप्पर. शेडवाल्याचा पैसा एका, फार तर दोन हंगामांत वसूल झाला नाही तर तो घेणार नाही. 40 च्या जागी तुमच्या वहीतला खरा फरक घाला. हा आकडा हातात नसताना यंत्र करायला घेतलं की दीड लाखाचं सुंदर यंत्र तयार होतं आणि ते कुणीच विकत घेत नाही.

दुसरं दार: शेड

मिरज-पंढरपूर रस्त्याने नागज, जुनोनीकडे गेलं की दुतर्फा शेड दिसतात. तिथली हवा कोरडी, म्हणून शेड तिथे. द्राक्षाची गोडी 22 ब्रिक्सच्या (रसातल्या साखरेचं माप) पुढे गेली की घड काढतात. लिटरभर पाण्याला 25 ग्रॅम पोटॅशियम कार्बोनेट आणि 15 मिलि डिपिंग ऑइल या द्रावणात ते दोन-चार मिनिटं बुडवतात आणि जाळीच्या रॅकवर पसरतात. एकावर एक दहा-बारा ताटव्या असतात. पंधरा ते वीस दिवसांत माल उतरतो. द्राक्षात 23 टक्के घनभाग (पाणी सोडून उरणारा भाग) धरला तर 100 किलो द्राक्षांचा 15 टक्के ओलाव्याचा बेदाणा साधारण 27 किलो भरतो. ‘चार किलोला एक किलो’ हा शेडवाल्यांचा हिशेब इथूनच येतो.

शेडवर जाताना मापं घ्यायची साधनं न्या, मतं नेऊ नका. खालची ताटवी, वरची ताटवी, वाऱ्याच्या विरुद्ध टोकाचा कोपरा आणि बाहेर सावलीत, अशा चार जागी तापमान-आर्द्रता टिपा. पत्र्याखालची वरची ताटवी लवकर वाळते, खालची मागे राहते. एकाच ठिकाणी सेन्सर लावला तर तो शेडबद्दल खोटं सांगतो.

आता सगळ्यात मोठी चूक. ‘आर्द्रता 60 च्या वर गेली की पंखा चालू’ असं सरळ सूत्र घालू नका. अवकाळीच्या भीतीने संध्याकाळी पडदे सोडलेत असं धरा. शेडमध्ये 32 अंश आणि 50 टक्के, बाहेर 26 अंश आणि 60 टक्के. टक्के बघितले तर बाहेरची हवा दमट वाटते. पण प्रत्यक्ष पाणी मोजा: आतल्या घनमीटरभर हवेत सुमारे 17 ग्रॅम बाष्प आहे, बाहेरच्या हवेत साडेचौदाच्या आसपास. म्हणजे बाहेरची हवा कोरडी आहे आणि पंखा चालायला हवा. दोन तासांनी वळीव आला, बाहेर 28 अंश आणि 85 टक्के झाले की तीच हवा 23 ग्रॅम पाणी घेऊन येते. आता पंखा बंदच हवा, नाहीतर आपण पैसे खर्चून शेडमध्ये ओलावा भरतोय. तुलना टक्क्यांची नाही, घनमीटरमागच्या ग्रॅमची करायची. त्यासाठी आत एक आणि बाहेर एक असे किमान दोन सेन्सर लागतात.

दुसरी चूक गंधकाची. पिवळ्या बेदाण्यासाठी गंधकाची धुरी देतात. तो वायू ओलाव्यात मिसळला की आम्ल होतं आणि सर्किटवरचं तांबं हिरवं पडून खाल्लं जातं. टेबलावर चोख चालणारं यंत्र शेडमध्ये हंगामभरही टिकत नाही, त्याचं कारण बहुधा हे. कंट्रोलर आणि रिले (पंखा चालू-बंद करणारा स्विच) शेडच्या बाहेर, बंद डब्यात ठेवा. वायरी डब्यात खालच्या बाजूने घ्या. सर्किटवर संरक्षक कोटिंग मारा. सेन्सर प्लगने काढता येईल असा ठेवा आणि धुरीच्या वेळी काढून ठेवा. शेडवाला विसरणारच, म्हणून डब्यावर मराठीत ठळक सूचना लिहा.

सेन्सर खरं सांगतोय का, हे घरी तपासता येतं. काचेच्या बरणीत झाकणभर मीठ घ्या, ते चिखलासारखं ओलं होईल इतकंच पाणी घाला, सेन्सर मिठाला न टेकता आत टांगा आणि हवाबंद झाकण लावून रात्रभर सावलीत ठेवा. 25 अंशांच्या आसपास वाचन 75 टक्के यायला हवं. मीठ पूर्ण विरघळलं असेल तर पाणी जास्त झालंय, वाचन चढं येईल. हंगामाआधी आणि हंगामानंतर ही चाचणी करा. दोन वाचनांतला फरक म्हणजे गंधकाने सेन्सरचं केलेलं नुकसान.

तिसरं दार: कॉलेज आणि संशोधन केंद्र

वालचंद महाविद्यालय 1947 साली धोंडुमामा साठ्यांनी सुरू केलं. यांत्रिकी, विद्युत, इलेक्ट्रॉनिक्स सगळं एका आवारात आहे. ईश्वरपूरजवळ (पूर्वीचं इस्लामपूर) राजारामनगरला राजारामबापू इन्स्टिट्यूट आहे. पण इथे वेळेचा पेच आहे. शेवटच्या वर्षाचे प्रकल्प जुलै-ऑगस्टमध्ये ठरतात आणि एप्रिल-मेमध्ये संपतात. बेदाण्याचा भर फेब्रुवारी ते एप्रिल. मुलं परीक्षेच्या धांदलीत असतात तेव्हाच शेड भरलेली असते. त्यामुळे जूनमध्ये विभागप्रमुखांना भेटा, आणि नमुना जानेवारीअखेर शेडवर लागलाच पाहिजे हे पहिल्याच बैठकीत सांगा. जानेवारी चुकली की एक अख्खं वर्ष गेलं. द्राक्ष वर्षातून एकदाच वाळतं.

कॉलेजकडे ‘असं यंत्र बनवून द्या’ म्हणून गेलात तर प्रदर्शनात ठेवायला मॉडेल मिळतं. प्रश्न तुकड्यांत न्या: दोन सेन्सरवरून बाष्पाचे ग्रॅम काढून निर्णय घेणारा प्रोग्रॅम, वीज गेली-आली तरी स्वतः चालू होणारा कंट्रोलर, 90 ते 270 व्होल्टवर चालणारा वीजपुरवठा. शेवटचा मुद्दा कागदावर क्षुल्लक वाटतो. शेतातल्या लाईनवर मात्र बहुतेक यंत्रं त्यानेच मरतात.

काम सुरू होण्याआधी कॉलेज, विद्यार्थी आणि तुम्ही यांच्यात मालकी कुणाची याचा लेखी करार हवा. नंतर, यंत्र चालायला लागल्यावर, ही चर्चा कडू होते.

वाळवणीच्या शास्त्रासाठी पुण्याजवळ मांजरीचं राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आणि मिरज तालुक्यातलं कांचनपूरचं कृषी विज्ञान केंद्र. हळदीवर काम असेल तर कसबे डिग्रजचं राहुरी विद्यापीठाचं संशोधन केंद्र सांगलीच्या वेशीवर आहे. यांच्याकडून यंत्र मागू नका, चाचणी कशी लावायची ते विचारा.

चाचणी अशी. शेडचे मधोमध पडदा टाकून दोन भाग करा. एका भागात यंत्र, दुसऱ्यात नेहमीची पद्धत. द्राक्ष एकाच बागेतलं, एकाच दिवशी काढलेलं. क्रेट बुडवताना एक या भागात, पुढचा त्या भागात असे आलटून पालटून न्या, कारण द्रावण क्रेटमागे क्रेट पातळ होत जातं. पहिले सगळे क्रेट एका भागात आणि उरलेले दुसऱ्यात गेले तर निकाल द्रावणाचा येतो, यंत्राचा नाही. दोन्हीकडे चार-चार ट्रेमध्ये मोजून पाच-पाच किलो द्राक्ष ठेवा आणि रोज सकाळी एकाच वेळी वजन टिपा. ट्रे 1 किलो 350 ग्रॅमवर आला की ओलावा 15 टक्क्यांवर आला, घनभाग 23 टक्के असेल तर. गोडी कमीजास्त असेल तर हा आकडा बदला. शेवटी दोन्ही भागांतले नमुने नुसते क्रमांक टाकून तीन अडत्यांना द्या. कुठला नमुना कुठला हे सांगू नका. तिघांनी मिळून जी प्रत लावली तीच खरी.

दाखवण्याआधी अर्ज

शेडवर गर्दी जमवून दाखवणं, द्राक्ष प्रदर्शनात मांडणं, कॉलेजच्या स्पर्धेत भाग घेणं, हे सगळं पेटंटच्या अर्जानंतर. आधी उघड केलं की नावीन्य संपलं असं धरलं जाऊ शकतं. पैशाची भीती बाळगू नका: व्यक्तीसाठी ऑनलाइन तात्पुरत्या अर्जाची सरकारी फी 1,600 रुपये आहे. त्यानंतर पूर्ण तपशिलाचा अर्ज 12 महिन्यांच्या आत करावा लागतो, तेवढ्यात तुमचा एक हंगाम बसतो. म्हणून तात्पुरता अर्ज जानेवारीत करणं सोयीचं. परीक्षणाची फी 4,000. खरा खर्च मसुदा लिहिणाऱ्याचा असतो. नुसत्या गणिताला किंवा प्रोग्रॅमला आपल्या कायद्यात पेटंट मिळत नाही. सेन्सर कुठे, डबा कसा, पंखा कधी, ही सगळी रचना मिळून मांडावी लागते. 2021 पासून शैक्षणिक संस्थांनाही सवलतीची फी आहे, कॉलेज सहअर्जदार असेल तर हे लक्षात ठेवा.

कुपवाड आणि मिरजेची वर्कशॉप

फॅब्रिकेटरकडे ड्रॉइंग घेऊन जा. तोंडी सांगून पहिला डबा छान होतो, दुसऱ्याची भोकं दोन मिलिमीटर सरकतात, आणि पाचव्यात सर्किट बसतच नाही. पत्र्याची जाडी, भोकांचा व्यास, पावडर कोटिंग, सगळं मापासकट लिहा. आधी एक, मग पाच, मग वीस, अशा टप्प्यांनी करा. शंभराचा दर स्वस्त पडतो म्हणून पहिल्या फेरीतच शंभर डबे करू नका. पहिल्या पाचात काहीतरी बदलावं लागतंच, आणि मग पंच्याण्णव डबे भंगारात. वर्कशॉपच्या कारागिराला एकदा शेडवर न्या. धुरीचा वास नाकात गेला की रबराचं पॅकिंग कुठे घालायचं हे तो स्वतःच सुचवतो.

जिल्हा उद्योग केंद्र आणि बँक

इथेही क्रमच महत्त्वाचा. पीएमईजीपी म्हणजे पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम. त्याचं पहिलं कर्ज फक्त नव्या उद्योगाला आहे. उत्पादन सुरू करून, बिलं फाडून मग अर्ज केलात तर चालू उद्योग म्हणून नाकारला जातो. म्हणून पाच नमुन्यांची चाचणी झाली की, पण विक्री सुरू होण्याआधी, अर्ज करा. उत्पादन प्रकल्पाची मर्यादा 50 लाख रुपये. सर्वसाधारण गटाला स्वतःचा वाटा 10 टक्के, अनुदान शहरी भागात 15 आणि ग्रामीण भागात 25 टक्के; महिला, मागासवर्गीय इत्यादी विशेष गटांना वाटा 5 टक्के, अनुदान 25 आणि 35 टक्के. सांगली-मिरज-कुपवाड 1998 पासून एक महापालिका आहे, त्यामुळे तिच्या हद्दीतला गाळा शहरीत धरला जातो, आणि हद्दीबाहेर ग्रामपंचायतीत शेड टाकली तर ग्रामीण. दहा टक्क्यांचा फरक आहे, गाळ्याचा करार करण्याआधी पाहा. अनुदान हातात मिळत नाही. ते बँकेत तीन वर्षं ठेव म्हणून राहतं आणि पडताळणीनंतर कर्जात वळतं होतं. हप्त्याचा हिशेब अनुदान मिळणार नाही असं धरूनच करा.

यंत्राऐवजी तुम्ही बेदाण्याचं किंवा हळदीचं प्रक्रिया युनिट काढणार असाल तर पीएमएफएमई ही सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांची योजना बघा, त्यात अनुदान 35 टक्के, कमाल 10 लाख रुपये. उद्यम नोंदणी (लघुउद्योगाची सरकारी नोंदणी) मोफत आहे, त्यासाठी एजंटला पैसे देऊ नका.

1916 साली सुरू झालेली सांगली बँक 2007 साली आयसीआयसीआयमध्ये विलीन झाली. मुख्य कचेरी गावात असलेल्या बँकेत उद्योजकाला ओळखणारा माणूसच निर्णय घेतो. आता बहुतेक ठिकाणी फाईल बाहेरगावी जाते आणि तिथल्या माणसाने बेदाणा शेड पाहिलेली नसते. म्हणून प्रकल्प अहवालाला चार गोष्टी जोडा: सौद्याच्या वहीतले दर, दोन भागांच्या चाचणीची रोजची वजनं, तीन अडत्यांची प्रतवारी आणि पाच शेडवाल्यांची लेखी मागणी. एवढं असलं की शेड न पाहिलेल्यालाही समजतं. नागरी सहकारी बँक किंवा पतसंस्था लवकर होकार देईल, पण व्याजदर आणि जामीनदाराची अट आधी वाचा.

मिरजेच्या दवाखान्यांसाठी काही करायचं असेल तर

विल्यम वॉनलेस यांनी 1894 साली मिरजेत रुग्णालय उभारलं, तेव्हापासून हे वैद्यकीय गाव आहे, आणि आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही इथेच आहे. डॉक्टर कल्पनेला चटकन दाद देतात. पण रुग्णाला लागणाऱ्या साधनाची चाचणी संस्थेच्या नैतिकता समितीच्या परवानगीशिवाय करायची नाही, आणि विक्रीआधी 2017 च्या वैद्यकीय उपकरण नियमांप्रमाणे वर्ग ठरवून परवाना किंवा नोंदणी लागते. पहिल्याच प्रयत्नात हे अंगावर घेऊ नका. खाटा, ट्रॉली, सलाईनचे स्टँड सरकवण्याची सोय अशा, शरीराला न टोचणाऱ्या वस्तूंपासून सुरुवात केली तर कुपवाडचा पत्रा आणि मिरजेचा वॉर्ड लवकर जुळतात.

विक्री सुरू झाल्यावर

पहिली वीस यंत्रं एकाच पट्ट्यात द्या, नागज-जुनोनी किंवा तासगावच्या बाजूला. जतपासून वाळव्यापर्यंत विखरून दिलीत तर एप्रिलमध्ये दोन ठिकाणी एकदम बिघाड झाला की पोचता येत नाही, आणि पडदे सोडलेल्या शेडला एक रात्रही महाग पडते. त्या पट्ट्यातला एक आयटीआय झालेला वायरमन हाताशी धरा. त्याला सेन्सर बदलणं, फ्यूज आणि रिले तपासणं शिकवा आणि प्रत्येक दहा यंत्रांमागे तीन सेन्सर, दोन रिले आणि एक वीजपुरवठा त्याच्याकडे फेब्रुवारीतच ठेवून द्या. त्याचा नंबर डब्यावर तुमच्या नंबरच्या वर लिहा.

मे महिन्यात सगळे सेन्सर काढून आणा आणि मिठाच्या बरणीत पुन्हा तपासा. वाचनं तीन टक्क्यांपेक्षा जास्त सरकलेली असतील ते बाजूला काढा, कुठल्या शेडचे आहेत ते लिहा, आणि जूनमध्ये कॉलेज उघडलं की ती यादी घेऊनच विभागप्रमुखांना भेटा. पुढच्या वर्षीच्या मुलांचा विषय त्या यादीत असतो.